डबल बेलवाचून अकरा सेकंद

तीर्थस्वरूप आत्या, साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आणि तुझे जावई, दोघेही पूर्वीइतके कुरकुरत नसतील असं धरून चालते. मी ठीक आहे. तू विचारलंस, धाकट्याचं डोकं ठिकाणावर आलं का. वैद्यकीय तपासणीत डोकं, डोळे, कान सगळं ठिकाणावर निघालं. सव्वीस वर्षं बस चालवून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तुझा भाऊ वैमानिक व्हायला निघाला आहे, आणि ते ज्या विमानावर शिकतात ते उडण्याजोगं आहे अशी सही रोज सकाळी मी करते. (सही करते, बसत नाही. माझं काम जमिनीवर.) तेव्हा घाबरायचं असेल तर रीतसर माझ्या नावाने घाबर.

अडचण वेगळीच निघाली. धावपट्टीच्या टोकाला थांबायचं, टॉवरमधल्या बाई परवानगी देतात, ब्रेक सोडायचा, निघायचं. बाबा परवानगी ऐकत, अचूक परत म्हणून दाखवत, आणि तिथेच उभे. शिक्षकांनी वहीत लिहिलं: ब्रेक चिकटतो. मी ब्रेक उघडला, तपासला, बसवला. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार, म्हणून पुन्हा उघडला. (तो इतका निर्दोष होता की मलाच संकोच वाटला.) तिसऱ्या दिवशी हँगरच्या दारात घड्याळ घेऊन उभी राहिले. परवानगीपासून चाक हलेपर्यंत अकरा सेकंद. शिक्षक (माझ्याहून तीनच वर्षांनी मोठे, बाबांना काका म्हणतात आणि मग रागावतात) म्हणाले, शुक्रवारी एकट्याने उडायचंय, तेव्हाही काका असेच बसले तर नाव कमी करतो.

त्या संध्याकाळी भांडी पुसता पुसता मी बाबांना विचारलं, तिथे तुम्ही नेमकी कशाची वाट बघता? त्यांनी हातातलं ताट तीनदा पुसलं. मग म्हणाले, "अगं, डबल बेल कुठे देतंय कोणी?"

कंडक्टरने दोनदा घंटा वाजवल्याशिवाय जो पाय सव्वीस वर्षं हलला नाही, तो टॉवरचं कशाला ऐकेल? विमानात घंटा बसवता येत नाही (मंजुरीशिवाय एक स्क्रूही नाही, आणि अर्जात कारण काय लिहू?). मी टॉवरमधल्या बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे नोंदवते. शुक्रवारी त्यांनी परवानगी दिली आणि रेडिओचं बटण दोनदा दाबलं. खट्, खट्. दोन सेकंदांत चाक हललं. सात मिनिटांनी बाबा उतरले, इंजिन बंद केलं, आणि कुणाचं सामान राहिलंय का ते वळून रिकाम्या सीटवर पाहिलं.

तुझी भाची

ता. क. परवान्याला अजून सात-आठ महिने आहेत, तरी पहिल्या फेरीचा वजनाचा तक्ता बाबांनी आजच भरायला घेतलाय. पुढच्या सीटवर तू आहेस. वजन कळव. लग्नातलं नको, आत्ताचं.

ता. क. २. मागच्या सीटच्या रकान्यात एकसष्ट किलो दिसतील, ते माझे. बेल मागूनच द्यावी लागते.