नातवाचं मेणाचं नाक

तुझ्या लेकाला नाटकात मोठं काम मिळालं म्हणून मिरवलंस, पण कसलं काम ते विचारलं नाहीस.

थोरल्या, आईचा आशीर्वाद घे. मी नि नातू, आम्ही दोघं इथे सुखरूप आहोत. तुझ्या पायाची सूज उतरली का?

नाटक जुनं, गाजलेलं. त्यात आपल्यासारखाच एक यहुदी आहे, हावरा आणि कपटी. तेच काम नातवाचं. त्या यहुद्याला मेणाचं नाक लावतात. मेकअपवाला माझ्यादेखत नातवाला म्हणाला, "तुला कशाला? देवानंच लावून पाठवलंय!" नातू खिदळला, वर मेण मागून नाक आणखी वाकडं करून घेतलं. प्रयोगात लोक "हाणा यहुद्याला" ओरडले, तर हा खूश.

ते नाक माझं. सूनबाई पाळण्यातच ते चिमटीत धरून सरळ करायची. आता त्याला घरी बोलवायचं का, ते तिनंच लिहावं. तू मध्ये नाक खुपसू नकोस.