फ्रिज मिस्त्रीनं बसवला नाही

प्रिय लेलंडदादा,

हे पत्र बंदरावर तुझ्या हातात पडेल तेव्हा तुझ्या अंगाला माशांचा वास मारत असेल, आणि आधी आंघोळ करू की आधी पत्र वाचू असं तुला होईल. आधी वाच. गेल्या पत्रात मी लिहिलं होतं, मिस्त्रीनं नवा फ्रिज बसवला, झकास चाललाय, आजी मजेत आहे. त्यातलं 'झकास चाललाय' एवढंच खरं. फ्रिज मिस्त्रीनं बसवला नाही, मी बसवला. शिव्या राखून ठेव, पुढे त्याहून जास्त लागतील.

जानेवारीत तू दम दिला होतास तो मला तोंडपाठ आहे. आजीचं इन्सुलिन थंड राहत नसेल तर मार्चअखेर तिला फिनिक्सला बर्निस आत्याकडे ठेवायचं, वाद नको. तुझं चूक नव्हतं. पण आत्याच्या घरात कुत्रं चालत नाही, म्हणजे डूलीला घ्यायचं नाही, सिगारेट ओढायची तर रस्त्यावर जाऊन, आणि आजी तिथे चार दिवस राहून आली ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, "तुरुंगच, फक्त गालिचा घातलेला." त्या रात्री तिनं आपल्या ट्रेलरच्या, या चाकांवरच्या घराच्या, दाराला हात लावला तो असा, जशी घोड्याची मान थोपटतात तसा. तेव्हाच मी ठरवलं, फ्रिज बदलायचा.

जुन्याची गत तुला ठाऊकच आहे. गॅसवर चालणारा, मागे इवलीशी ज्योत, मोटार नाही की आवाज नाही. आजोबा असताना तो देवासारखा चालला. पण ट्रेलर जरा तिरपा उभा राहिला की हा रुसणार, आणि वाळवंटात ऊन चढलं की हा दमणार. फेब्रुवारीच्या शेवटालाच आतला काटा पंचावन्न फॅरनहाइटवर, जिथे चाळिसाच्या आसपास हवा. आजी इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून पलंगाखाली ठेवायला लागली आणि मला म्हणाली, "लेलंडला यातलं काही लिहायचं नाही." मी लिहिलं नाही. बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज तू पाठवलास तो आला, पण बसवणाऱ्या फिरत्या मिस्त्रीला वेळ एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. तुझी मुदत मार्चअखेर. आता सांग, मी काय करायचं होतं? हं, सांगशील तू. ऐकून घेतो.

जुनं धूड बाहेर काढायला ट्रेलरचं दारच उतरवावं लागलं. शेजारच्या ट्रेलरमधल्या आर्डिथबाई खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या, जसा सिनेमाच. त्या एक्याऐंशीच्या, दर हिवाळ्यात मिनेसोटाहून एकट्या गाडी हाकत येतात, आणि रोज दुपारी आजीशी पत्ते खेळतात. तोच तो खेळ, ज्यात गुण मांडायला लाकडी फळीवर खुंट्या पुढे सरकवायच्या. दोघी एकमेकींच्या खुंट्यांवर अशा नजर ठेवून असतात की सरहद्दीवरचे शिपाई लाजतील. फ्रिज बाहेर पडल्यावर मी त्यात रबरी साप ठेवला आणि म्हटलं, "आर्डिथबाई, शेवटचा बर्फ आहे, घ्या." त्यांची किंकाळी नदीपलीकडे गेली असेल. आजी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "या पोराच्या तोंडून खरं निघालं तर मी टोपी खाईन," असं म्हणाली. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता नीट वाच, इथे मी तीन गाढवपणे केले. पहिला. जुन्या फ्रिजची वायर बारीक, ज्योत पेटवण्यापुरती. नवा तीवर लावला तर टक करून सुरू, टक करून बंद. म्हणून बॅटरीपासून जाड वायर ओढली, पण फ्यूजच्या पेटीत एकही घर रिकामं नाही. गॅसच्या अलार्मचं घर होतं, ते काढून फ्रिजला दिलं. म्हटलं, दोन तासांचा तर प्रश्न आहे, नंतर बघू. फ्रिज गुरगुरायला लागला आणि अलार्मचा हिरवा दिवा विझला. मी त्या दिव्याकडे बघितलं होतं दादा. बघितलं आणि बूट घालून छपरावर गेलो.

दुसरा. जुन्या फ्रिजची गॅसची नळी आता मोकळी, तिच्या तोंडाला टोपण लावायचं होतं. तिथे पाना फिरायला जागा नाही. मी पांढरी टेप गुंडाळली आणि टोपण हातानं आवळलं. तू म्हणायचास साबणाचं पाणी लावून बघावं, बुडबुडे आले तर गळती. लावलं की! एक बुडबुडा आला नाही. मी आजीला बोलावून दाखवलं सुद्धा, छाती फुगवून. टाकीचा कॉक मी सकाळीच बंद करून ठेवला होता हे माझ्या डोक्यातच नाही. नळीत गॅसच नाही तर बुडबुडे काय आकाशातून येणार?

तिसरा तर शहाणपणा म्हणून केला. जुन्या फ्रिजमागे भिंतीत खाली जाळीचं भोक होतं, हवा खेळायला. त्यातून धूळ येईल म्हणून फळी ठोकून, सिलिकॉन भरून ते बुजवलं. गॅस जड असतो, जमिनीलगत बसतो. तो जिथून बाहेर पडला असता ते एकच भोक मी माझ्या हातानं बंद केलं.

दुपारी वाळूचा वारा सुटला. आजीनं खिडक्या लावून घेतल्या. मी छपरावर जुन्या धुराड्याचं तोंड झाकत होतो. खालून आजी ओरडली, "क्लेट, मी कॉक उघडतेय, मक्याचा पाव लावायचाय!" मी म्हटलं, "उघड." इतक्या सहज म्हटलं. पिठात अंडी फोडायला, ढवळायला, आर्डिथबाईंच्या खेळावर शेरे मारायला तिला वीसेक मिनिटं लागली असतील. मग खाली पत्रा असलेलं जाळीचं दार ढकलून डूली बाहेर आली. पाय फाकून, झिंगल्यासारखी. मला हसू आलं. म्हटलं, हिला कुणी बिअर पाजली? ती चार पावलं गेली आणि ओकली, आणि आडवी झाली. डूली दिवसभर कुठे झोपते तुला माहितीये. फ्रिजपुढे, जमिनीवर.

माझं हसू तिथेच थिजलं. मी स्वयंपाकघराच्या वरची छपराची झडप उचलली आणि वास असा आला की डोळ्यांतून पाणी. बरोब्बर खाली आजी. गुडघे टेकून ओव्हनपुढे बसलेली, एका हातात काड्यापेटी, दुसऱ्या हातात काडी.

तिला वास आला नाही, दादा. दोन वर्षांमागे ताप आला होता त्या हिवाळ्यापासून तिला वासच येत नाही. मला हे कळलं होतं. मी एकदा तिच्या उशीखाली सार्डिनचा डबा उघडून ठेवला, ती तीन रात्री त्यावर झोपली. मी ते गंमत म्हणून ट्रेलरांच्या या अख्ख्या तळाला सांगत फिरलो. तुला सोडून.

मी ओरडलो, "आजी, काडी ओढू नकोस! गॅस सुटलाय!" तिनं वर बघितलं सुद्धा नाही. म्हणाली, "हो का? सकाळी साप, आता गॅस. रात्री काय, भूकंप?" मी म्हटलं, "आईची शपथ, खरंच!" ती म्हणाली, "आईची शपथ तू गेल्या महिन्यात विंचवावर घेतली होतीस." आणि काडी पेटीवर टेकवली. मला शिडीवरून उतरायला किती वेळ लागला असता ते मी मोजत बसलो नाही. खरं बोलून काही होणार नाही एवढं कळलं. मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोललो नाही. मी म्हटलं, "मरू दे. पण आर्डिथबाई तुझी खुंटी मागे सरकवतायत, मला इथून दिसतंय."

ती उठली. अठ्ठ्याहत्तरीची बाई, गुडघ्यांना पट्टे लावलेली, अशी उठली की वाटी उपडी झाली. काडी हातात तशीच. बाहेर वाऱ्याच्या आडोशाला, अर्धा डाव समोर मांडून, खुर्चीत आर्डिथबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या, बिचाऱ्या. आजीनं फळीवर हात आपटला. "ठेव! होती तिथे ठेव!" आर्डिथबाई दचकून उठल्या, "काय ठेवू? कुठे आग लागली?" आजी म्हणाली, "झोपेचं सोंग बरं जमतं गं तुला, बावीस वर्षं असंच जिंकत आलीस वाटतं." आर्डिथबाई म्हणाल्या, "वर्ना, तुझी साखर वाढलीये का?" आजी म्हणाली, "माझी साखर काढू नकोस, माझी खुंटी काढ!"

तोवर मी खाली. धावत जाऊन टाकीचा कॉक बंद केला. घाईत आधी उलटाच फिरवला. आता दार सताड उघडायचं म्हणून वळलो, तर आजी जाळीच्या दारापुढच्या पायरीवर. रागावली की तिला सिगारेट लागते. ओठांत सिगारेट, आणि हातातली तीच काडी ती पेटीवर ओढतेय. मी तिच्या हातावर फटका मारला. जोरात, दादा. काड्यापेटी निवडुंगात जाऊन पडली. तिनं माझ्या मुस्कटात दिली. आजवर मी तिच्या बुटात गोंद घातला, तिच्या कवळीला लाल रंग लावला, तिनं कधी हात उचलला नव्हता. म्हणाली, "थट्टेला काही माप असतं की नाही?" मी दार, खिडक्या, सगळं उघडून डूलीला घेऊन वाऱ्यात बसलो. तासाभरानं डूली उठून पाणी प्यायली. ती आता ठणठणीत आहे.

दुसऱ्या दिवशी तळावर दुसऱ्यांकडे तो फिरता मिस्त्री आला होता, त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. आजी अंघोळीच्या खोल्यांकडे गेली होती, तेवढ्यात त्यानं माझी टेप सोलून काढली, टोपण दोन पान्यांनी धातूवर धातू बसवलं, कॉक उघडा ठेवून साबणाचं पाणी लावलं. अलार्मला वेगळी वायर दिली, हिरवा दिवा लागला. मी फ्रिजचं काम बरं केलंय म्हणाला. मग ती टेप बोटांत चुरगाळत विचारलं, "आत कोण होतं?" मी म्हटलं, "आजी." त्यानं हत्यारं गोळा केली आणि निघाला. त्यानं एक शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

तर फ्रिज अडतीसवर आहे, रात्रंदिवस. सोलरवर बॅटरी भरते, इन्सुलिन बर्फासारखं गार. तुझी अट पुरी झाली. पण आजी अकरा दिवस आर्डिथबाईंशी बोललेली नाही. मी खुंटीचं खोटं होतं म्हटलं तर म्हणते, "तिची बाजू घेऊ नकोस." त्या बाईंनी परवा वाटीत मध पाठवला, आजीनं वाटी धुऊन रिकामी परत केली. शनिवारी आर्डिथबाई मिनेसोटाला निघतात. एक्याऐंशीच्या आहेत. पुढच्या हिवाळ्यात गाडी हाकत येतील की नाही, त्यांनाच माहीत नाही.

आता हे पत्र कशाला, ते. मी आजीला खरं सांगायचा चारदा प्रयत्न केला आणि चारही वेळा ती हसली. तिचं चुकत नाही, मीच तिला तशी सवय लावली. पण तुला जाणारं प्रत्येक पत्र ती पाकीट चिकटवण्याआधी वाचते. शब्द बरोबर लिहिलेत की नाही बघते म्हणे. ती वाचते हे तुला मी कधी सांगितलं नाही, आणि कागदावर तुझी मस्करीही कधी केली नाही, हे तिला ठाऊक आहे. म्हणून हे पाकीट उघडंच टेबलावर ठेवतोय. तर आजी, आता तू वाचते आहेस. तुला वास येत नाही आजी. रागावू नकोस, तुलाही ते ठाऊक आहे. त्या दुपारी तू काडी ओढणार होतीस आणि ती तुझ्या हातात माझ्या तीन गाढवपणांनी दिली होती. आर्डिथबाईंनी खुंटीला बोट लावलं नव्हतं, त्या झोपल्या होत्या, आणि त्या झोपल्या होत्या म्हणून तू आहेस; जाग्या असत्या तर तिथूनच नाही म्हणाल्या असत्या आणि तू उठली नसतीस. शनिवार यायला दोन दिवस आहेत. आणि आत्याकडे जायचं की माझ्यासारख्याबरोबर इथे राहायचं, हे दादानं किंवा मी ठरवायचं नाही. जायचं म्हणालीस तर डूलीला मी सांभाळीन, एका शब्दानं अडवणार नाही. खाली अर्धा कागद कोरा सोडलाय. तुला काय हवंय ते तुझ्या हातानं दादाला लिही, पाकीट चिकटव आणि मला दे. मी ते उजेडात धरून बघणार नाही. नेऊन टपालात टाकीन.

तुझाच,
क्लेट