सुट्या थापा

४ डिसें. ८८, बल्लारपूर

आज सुजीनं माही शिंक पकडली. मी मिरच्या भाजून राह्यली होती, शिंक आली, तं पोट्टीनं माइक नाकासमोर धरला अन् शिंक गेली मशीनच्या पोटात. मंग एक एक पट्टी दाबून दाखवे. डावीकडची दाबली का म्हैस शिंकते, उजवीकडची दाबली का चिमनी. शेवटी माह्या शिंकेवर तिनं लग्नातला बँड वाजवला. हसू हसू डोळ्याले पानी. सून आतून वरडे, "आत्याबाई, मिरच्या जळल्या!" जळू दे म्हटलं, मिरच्या रोज भेटतेत.

मशीन सुजीच्या मामानं मस्कतहून आनली. त्याले जमली नाई, म्हून भाचीले देल्ली. संगची जाड पोथी सारी विंग्रजी. पोट्टी पावसाळाभर डिक्शनरी घेऊन बसली अन् शिकली. पेटीवानी वाजते, बासरीवानी वाजते, बाहेरचा आवाज पकडते. अन् एकदा वाजवलेलं पाठ करते, मंग आपल्यानंच वाजवत राह्यते. मले एवढं पाठ राह्यलं असतं तं दुसरीतून शाळा काऊन सुटली असती.

मुद्दा राह्यलाच. नाटक कंपनीनं नातीले घेतलं! मनोहर (माहा लेक, सुजीचा बाप. पेपरमिलातून आला का रागातच राह्यते) म्हने, "एक सीझन. होळीपावतर. कंपनीनं ठेवून घेतलं तं घेतलं. नाई तं वरोऱ्याच्या पोराले हो म्हनायचं, मशीन मामाच्या घरी. अन् आजी संग जाईन तरच." वरोऱ्याचा पोरगा चांगला आहे म्हनतेत, बँकेत आहे. पन त्याच्या मायनं पयलेच सांगतलं, आमच्या घरी गानंबजावनं चालनार नाई.

म्हंजे मी नाटक कंपनीत. या वयात. खुशीनं भाकरीच खाल्ली जाईना.

१० डिसें., अहेरी

बसमधी मशीन गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतली. कंडक्टर म्हने, "बुढे, लेकराचं तोंड तं उघडं ठेव, गुदमरन." म्हटलं, "झोपलं आहे बाप्पा, उठलं का सारी बस नाचवन." सुजीनं चिमटा काढला.

कंपनी धानाच्या गिरनीमागच्या शेडमधी उतरली. मालक किसनभाऊ, गळ्यात मफलर, तोंडात पान. "आजी, तुमचा कोन्ता रोल?" "पहारेकरी." "मंग मले भेव नाई." ऑर्गन वाजवनारे मास्तर कोपऱ्यात बसले होते, ते काई हसले नाई. त्याईचा ऑर्गन भिंतीले लावून ठेवला, वर सतरंजी.

मलेही काम भेटलं. जनरेटर बंद पडला का मशीन सारं विसरते. मंग तिले चौकोनी चकत्या (सुजी फ्लॉपी म्हनते) एक एक करून खाऊ घालाव लागते. चकत्यावर विंग्रजी, म्हून मी रंगीत धागे चिकटवले. लाल लग्नाची, हिरवी जंगलाची, पांढरी रडायची. सुजी "पांढरी" म्हनते, मी पांढरी देते. डॉक्टरच्या हाताखालच्या नर्सवानी.

१४ डिसें.

अहेरीचा बाजार. सुकी मासोळी घेतली, बांगड्या पाह्यल्या, घेतल्या नाई. सुपं-टोपल्या घेऊन एक बुढा बसला होता, बाजूले ढोल. भामरागडच्या रस्त्यावरच्या गावचा, नाव लालसू. सारे त्याले तादो म्हनतेत, आजोबाले तिकडं तसंच म्हनतेत. कुठी लग्नात वाजवून घरी जाऊन राह्यला होता.

सुजी म्हने, "तादो, एक एक थाप वेगळी द्या ना. माह्या मशीनीसाठी."

तादो मान हलवे. "सुटा वाजवत नाई."

"काऊन?"

"नाई वाजवत." बस तेवढंच. त्याले मराठी थोडी, आमाले त्याची बोली काईच नाई.

मंग मी बसली खाली. चहा आनला, भजे आनले. माह्या नातीचं सांगतलं, त्याच्या नातवंडाचं विचारलं. तंबाखू देल्ला. शेवटी हसला बुढा. म्हने, "बाई, तू तं झऱ्यावानी, थांबतच नाई." गर्दीकडं पाठ केली, ढोलावर आपला दुपट्टा टाकला अन् हलक्या हातानं एक थाप. थांबला. इकडं तिकडं पाह्यलं. मंग दुसरी. सुजीनं बॅटरीच्या टेपात घेतल्या.

माह्यामुळं झालं काम! सुजी रस्ताभर माह्या गळ्यात हात टाकून चालली.

१६ डिसें.

नाटकात चौथ्या अंकात सून नदीत जीव देते. तिथी सुजीनं तादोच्या थापा घातल्या. टेपातून मशीनीत घेतल्या, आवाज वाढवला, डावीकडच्या पट्टीत खाली नेला. एक थाप. मंग सारं मोकळं. आता वाजन आता वाजन असं वाटत असतानी दुसरी. मशीननं पाठ करून घेतलं, मंग सुजीनं ते पांढऱ्या चकतीत भरून ठेवलं.

शेडमधी आचारी डाव हातात घेऊन उभा. कि.भाऊ म्हने, "पोरी, तू या सीझनची नाई, आता कायमची." ऐकलं का मनोहर? इथी बसून ऐकाव लागत होतं तुले.

१९ डिसें., दुपार

कसं लिहू.

काल अहेरीच्या बाहेर धानाच्या बांधीत नाटक होतं. जंगलातल्या गावचे लोकं बंड्या जुंपून, पायी पायी आले. तीन अंक फसकिलास. पाखराले टाळ्या, लग्नाले शिट्ट्या. मी विंगेत, चकत्या मांडीवर. "पांढरी," सुजी म्हने. देल्ली.

पयली थाप गेली भोंग्यातून. मांगचे लोकं उठले. मले वाटलं थंडी वाजली असन. दुसरी थाप. मंग मधातले उठले. कोनी वरडलं नाई, काई नाई. बायाईनं झोपलेले लेकरं खांद्यावर टाकले, चटया गुंडाळल्या. कि.भाऊ माइकवर, "बसा हो, बसा, नाटक बाकी आहे!" कोनी वळून पाहेना.

एक बाई माह्याजवळ आली. "कोन गेलं?"

म्हटलं, "नाटकातली सून वं."

"नाई. हा ढोल तादोचा. त्याच्या घरचं कोन गेलं?"

मंग तिनंच सांगतलं. सुटी थाप म्हंजे मयत. ऐकली का हातचं टाकून जाव लागते. अन् कोनाचा ढोल कोन्ता ते त्याईले आवाजावरून समजते, आपल्याले आपली गाय हंबरली का समजते तसं. म्हून बुढा सुटा वाजवत नव्हता. म्हून दुपट्टा टाकला. अन् आमी त्याचा आवाज वाढवून भोंग्यातून...

सुजीनं हात उचलले तरी मशीन पाठ केलेलं वाजवतच राह्यली. पोट्टीले बंद करायचं बटन सापडेना. शेवटी जनरेटर बंद केला तवा थांबली. अंधारात फक्त बंड्याईचे आवाज, जाऊन राह्यल्या होत्या.

२१ डिसें.

लोकं रातोरात तादोच्या दारात पोचले म्हने. तादो लोटा हातात घेऊन बाहेर आला, जिता जागता. कोनी हसलं नाई. बसले थोडा वेळ अन् गेले.

कि.भाऊ म्हने, "आता या भागात माह्या मंडपात कोन येईन?" सुजीले घरी जा म्हटलं. वरडला असता तं मी भांडली असती. पन हळूच म्हने, तं मी मशीन गोधडीत बांधाले घेतली. मास्तरच्या ऑर्गनवरची सतरंजी काढली.

बसमधी सुजी खिडकीकडं तोंड करून. मशीन माह्या मांडीवर. तोच कंडक्टर होता. तिकिटं फाडून पुढं गेला, बरं झालं.

८ जाने. ८९, बल्लारपूर

मशीन पलंगाखाली. सुजी तांदूळ निवडते, कपडे धुते, मायचं सारं ऐकते. अशी पोट्टी घरात असली का लोकं म्हनतेत किती गुनाची. मले तिच्याकडं पाहवत नाई.

आज मी मुद्दाम मशीनसमोर खोटं खोटं शिंकली. "आजी, नोको ना," म्हने. तेवढंच.

मनोहर रागावला नाई. त्यानं तिले साडी आनली, गुलाबी, दाखवाच्या कार्यक्रमाले. पुढच्या महिन्यात वरोऱ्याचे येतीन. "होळीपावतर म्हटलं होतं ना तू," मी म्हटलं. "माय, कंपनीनंच हाकललं तं होळीचं काय घेऊन बसली?" खरं आहे. पोट्टीच भांडत नाई तं मी कोनासाठी भांडू.

१८ जाने.

सुजी आपल्यानंच बोलली. "आजी, तादोले भेटाव लागन." मनोहरले डॉक्टरचं सांगून निंघालो. (माह्या गुडघ्याचं. ते दुखतेतच, खोटं नाई.)

बाजारात तादो त्याच जागी. सुपं होते, टोपल्या होत्या. ढोल नाई.

जोहार केला. त्यानंही केला. शिव्या देईन असं वाटलं होतं, शिव्या बऱ्या होत्या. हळू हळू, एक एक शब्द शोधून सांगतलं त्यानं. त्याची भावजय वारली मधल्या दिवसात. खरी वारली. यानं ढोल वाजवला. नदीपलीकडच्या गावात तिचे भाऊ. त्याईनं ऐकला अन् घरीच बसले. म्हने, तादोचा ढोल आहे, नाटकवालेच असतीन. इथी लोकं मयत ठेवून वाट पाहेत. दिवस बुडाला, भाऊ नाई आले. मंग माती देल्ली.

"भावाची माती नाई भेटली तिले," तादो म्हने. "ढोल खोटा झाला माहा."

सुजी पाया पडाले गेली तं त्यानं पाय मांग घेतले. मी चहा आनला होता, पुढं केला. घेतला नाई. हातातच थंड झाला.

येतानी सुजी म्हने, "तो एकदा तरी वरडला असता आजी."

२३ जाने.

रात्री सुजीले ताप. सकाळी उतरला. मी पेज करून देल्ली. बापानं विचारलं डॉक्टर काय म्हने, तं मी म्हटलं गुडघा जुना झाला. सून म्हने गुडघाच का. तिले सारं समजलं असन.

२९ जाने.

कि.भाऊ आला घरी, जीप घेऊन! माह्या मनात एकदम दिवाळी. बसवलं, चिवडा देल्ला.

म्हने, आता कंपनी नागभीड-चिमूरकडं जाते, होळीपावतरच्या सुपाऱ्या आहेत. "तिकडं तो ढोल कोनाले माहीत आहे? तीच थाप पायजे पोरी. लोकं रडतीन. मंग पुढच्या सीझनलेही तूच."

सुजीनं विचारलं, "ती थाप सोडून दुसरं काई वाजवलं तं?"

"दुसरं तं मास्तरही वाजवतेत. मंग तू कायले?"

"भाऊ, ती मयताची आहे."

"अवं, नाटकातलं मयतच आहे ना ते!"

तो वाईट मानूस नाई. चिवडा सारा खाल्ला, डबा मांगून घेतला मास्तरसाठी. गुरुवारी सकाळी जीप येईन, चढली तं चढली.

मनोहर दारात उभा राहून ऐकत होता. वरोऱ्याचे गुरुवारीच संध्याकाळी येनार. म्हने, "जीपमधी बसली तं मी पाव्हन्याईले नाई म्हनतो. शब्द म्हंजे शब्द." एवढं बोलला लेक, माहं काळीज भरून आलं. अन् मंग पुन्हा तादो दिसला, पाय मांग घेतानी.

१ फेब्रु.

सुजीनं मशीन पलंगाखालून काढली! लई दिसानं मशीनची निळी खिडकी उजळली. घागर वाजवली, परात वाजवली, कोठीचं दार आपटलं, माह्या पाठीवरही थापड मारून पकडली. (लागली नाई. मस्त वाटलं.) साऱ्याईचा ढोल करून पाह्यला. दिवसभर हेच. दोघी हसलोही मधात.

दिवेलागनीले घागरीच्या थापा दूर दूर ठेवून वाजवून दाखवल्या. "कसं वाटते?"

म्हटलं, "चांगलं आहे वं."

"खोटं नोको बोलू."

घागर ते घागरच. मंग तिनं पांढरी चकती टाकली अन् तादोची एकच थाप वाजवली, अगदी हळू. आमी दोघी उंबरठ्याकडं पाहू लागलो. कोनी नव्हतं.

२ फेब्रु., गुरुवार

सकाळीच उठली. पोहे चाळून ठेवले, संध्याकाळच्या पाव्हन्याईले लागतीन का किसनभाऊले आताच, काई समजेना. सून गुलाबी साडीले इस्त्री करून गेली. मनोहर मिलात गेला नाई, आंगनात दाढी करून राह्यला, तेच तेच गाल.

सुजीनं मशीन गोधडीत बांधली. लाल, हिरवी चकती पिशवीत ठेवली. पांढरी पलंगावर तशीच.

म्हटलं, "चकतीवरून पुसता येते ना ते?"

"येते. एक बटन."

"मंग?"

"पुसली तं कि.भाऊ नेनार नाई. नाई पुसली तं..." केस विंचरून घेतले. एक वेनी, कंपनीत घाले तशी.

गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला. शेजारचे पोट्टे पळाले पाह्याले. मनोहर साबनाचं तोंड घेऊन दारात आला, माह्याकडं पाहे, पोरीकडं पाहे.

सुजीनं पांढरी चकती उचलून माह्या हातात देल्ली. "आजी, तू सांग. तू चाल म्हनशीन तं चालते. पूस म्हनशीन तं पुसते."

साऱ्या बल्लारपुराशी बोलनारी मी. आज ही वही ओढून बसली. हॉर्न पुन्हा वाजला. हे लिहून राह्यली तं चकती माह्या मांडीवर आहे, सुजी समोर बसून आहे, मनोहरच्या गालावरचा साबन सुकून गेला, अन् किसनभाऊ दाराच्या बाहेरून हाक मारून राह्यला, "आजी, काय ठरलं?"