बरोबरच्या दोन खुणा

शिरूर, ४ ऑगस्ट २०२४

ती. रिबेकाआत्यास, सा. सलाम वि. वि.

वही मिळाली. सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या दहा जोड्या, वीस वाक्यं, आणि तुझ्या लाल पेनाची एकही फुली नाही! वॉर्डातली ज्ञानेश्वरी सिस्टर म्हणते, मऊ पडली गं तुजी आत्या. मी म्हटलं, तिच्या वर्गात बसली असतीस तर कळलं असतं.

परदेशी जाणाऱ्या नर्सांची इंग्रजीची परीक्षा चोवीस तारखेला. पास झाले तर जानेवारीत आयर्लंडचं हॉस्पिटल. आईमागे तूच वाढवलंस, आता हेही तूच पार पाडतेयस. गुडघ्याला तेल लावतेस ना? माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
अनुपमा


केडगाव, ९ ऑगस्ट २०२४

चि. अनुपमास, अनेक आशीर्वाद.

वही पुन्हा उघड. सातव्या जोडीत जखम 'क्युअर' झाली असं लिहिलंयस. रोग जातो तेव्हा 'क्युअर', जखम भरते तेव्हा 'हील'. नवव्या जोडीत पेशंटला वॉर्डातून एक्स-रेला 'ब्रिंग' केलंस. आपल्याकडे आणायचं तर 'ब्रिंग'. आपल्यापासून दूर न्यायचं तर 'टेक'.

दोन्ही चुका मला दिसल्या होत्या. दिसूनही बरोबरची खूण केली.

तू शिरूरला खोली घेतल्यापासून रविवारी चर्चमध्ये उपासनेला बाकावर शेजारी पर्स ठेवते, तुझ्या जागी कुणी बसू नये म्हणून. वाटलं, एवढ्या दोन चुका राहिल्या तर पोर राहील. कॉन्व्हेंटमध्ये शिकवताना मी चूक करणारीपेक्षा लपवणारीला जास्त उभं करायचे. मला आता कोण उभं करणार?

रागाव, पण अभ्यास सोडू नकोस. जमलं तर लोभ ठेव.

तुझी,
आत्या


शिरूर, १४ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास, सा. सलाम.

चार दिवस तुझा फोन उचलला नाही, तो रागानंच. ज्ञानेश्वरीला सांगितलं तर ती हसलीच. म्हणाली, माजी आय तर पासपोर्टच चुलीत घालील, तुजी निदान कबूल तरी झाली.

सोबत नवी वही आहे, पंधरा जोड्या. यात चुका भरपूर असतील. एकही सोडू नकोस. पास झाले तर मी जाणार आहे.

आणि एक. तुला खुणा करायची गरज नव्हती. तू नुसतं थांब म्हणाली असतीस, तर मी थांबले असते. म्हणून हात जोडून सांगते आत्या, आता म्हणू नकोस.

तुझीच,
अनुपमा