बरणीतला मुका रातकिडा

सोमवार, ७ तारीख
नातीने, म्हणजे आमच्या टिकलीने, शाळेच्या प्रदर्शनासाठी रातकिडा पकडून आणला. काचेची बरणी, ओली माती, काकडीची चकती, लपायला अंड्यांच्या पुठ्ठ्याचा तुकडा. लग्न होऊन आले तेव्हा माझी एवढी बडदास्त नव्हती. तो उन्हात जास्त ओरडतो की गारव्यात, ते मोजायचंय. टिकली शाळेत, मुलगा-सून कामावर. म्हणून मोजणी माझ्याकडे. माणूस बरोबर निवडला. या घरात कान शाबूत आहेत ते माझेच. सूनबाई कानाच्या डॉक्टरचं टुमणं लावते. ती पुटपुटते, त्याला डॉक्टर काय करणार?

मंगळवार, ८. दुपार
बरणी उन्हात. गप्प. सावलीत. गप्प. पंख तेवढे थरथरतात. भर उन्हात हुडहुडी? नाजूक प्रकरण दिसतंय.

मंगळवार, संध्याकाळ
टिकली आल्या आल्या म्हणाली, आजी, काय मस्त गातोय! पोरीचं मन मोडू नये म्हणून मान डोलावली. आकडे शुक्रवारी एकदम देईन म्हटलं.

बुधवार, ९
टिकलीने शिकवणी घेतली. रातकिडा तोंडाने गात नाही, पंखावर पंख घासतो. कान पुढच्या पायांत, गुडघ्याखाली. म्हटलं, आपल्याकडे काहींची अक्कल तिथे असते, त्याचे कान. गातो तो फक्त नर, मादीला बोलवायला. दुसरा नर आला की भांडणं. म्हणजे आवाज आणि मारामारी, काम शून्य. ओळखीचं वाटलं.
आमचा पंख घासतो खरा, पण नुसताच. रियाज कमी.

गुरुवार, १०
आळशी गवयाला कुंपणापाशी सोडून दिलं. नळाजवळच्या विटांखाली वाटी पालथी घालून दुसरा धरला. हाही नुसतेच पंख घासतो. हाकलला. तिसरा मात्र बघूनच जीव गार झाला. धिप्पाड, मागे सुईसारखं लांब हत्यार. हा प्रदर्शन गाजवणार! टिकलीला सांगितलं नाही. उद्या चकित होईल.
जेवताना मुलगा म्हणाला, आज घर कसं शांत वाटतंय. म्हटलं, मी बघते ना सगळं.

शुक्रवार, ११
टिकली चकित झाली. बरणीत डोकावून भोकाडच पसरलं. आजी, ही मादी आहे! ती सुई मातीत अंडी घालायची! मादी गातच नाही, आणि उद्या प्रदर्शन! आकडे तरी दे म्हणाली. दिले. सगळी शून्यं. रडायची थांबून बघतच राहिली. म्हणाली, अगं, तो रोज भिंती हलवत होता. म्हटलं, नुसते पंख घासण्याला मी गाणं म्हणत नाही.
सूनबाई बॅटरी घेऊन तिच्याबरोबर कुंपणापाशी गेली. एक नर धरून आणला. बरणी माझ्या पुढ्यात ठेवली. त्याने पंख उचलले, घासले. सूनबाईने कानांवर हात ठेवले. मुलाने उठून खोलीचं दार लावलं. टिकली बोटांवर मोजायला लागली. एवढी नाटकं तिघं मिळून करणार नाहीत.
मी बरणीला कान लावला. काच गार होती.

शनिवार, १२
टिकलीने रात्रीच दिव्याजवळ आणि खिडकीत ठेवून मोजणी उरकली होती. गरम जागी जास्त ओरडतो. तक्त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आवाज ऐकू आला - आई, बाबा, मी. नाही आला - आजी. बाईंना तेच फार आवडलं. लोक तक्ता वाचत, मग माझ्याकडे बघत. रातकिड्याकडे कोणी बघेना. टिकलीला पहिला नंबर.
घरी येताना सूनबाईने सोमवारची डॉक्टरची वेळ सांगितली. मी मान डोलावली. दहा असेल, नाहीतर सहा. पुन्हा विचारणार नाही. सकाळी नऊपासून चपला घालून बसेन.