दुपारची पानं

प्रिय सर,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही. खाडाखोड हा तुमचा प्रांत होता.

परवा बोळिंजच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. ‘वसईला कोको देणारा शास्त्रज्ञ’ असा मोठा फलक लावला होता. एका वक्त्यानं तुम्हाला ऋषितुल्य म्हटलं. दुसरा म्हणाला, सर झाडांशी बोलत. झाडांशी! फळ धरेपर्यंत तुम्हाला कोको कुठला आणि जायफळ कुठलं हे ओळखता येत नव्हतं, सर. आमच्या वाडीत तुम्ही जायफळाला हात लावून ‘हा आपला कोको’ म्हणाला होतात, आणि बाबा आदरापोटी खाली बघत राहिले होते.

मलाही चार शब्द बोलायला सांगितलं. मी घसा बसलाय म्हटलं. घसा ठणठणीत होता. पण काल तुमच्या घरी जे हाती लागलं, त्यानंतर गप्प राहिले तर मी तुमच्याच पंगतीला बसले असं होईल. म्हणून हे पत्र.

तुम्हाला आठवतं का, मी पीएच.डी.साठी तुमच्याकडे आले तेव्हा तुमच्याकडे विषय होता, पण झाडं नव्हती? नंदाखालला आमच्या नारळांखाली कोकोच्या तीन जाती वाढत होत्या. जुनी फोरास्टेरो, नाजूक क्रिओलो, आणि तुमच्या ओळखीच्या रोपवाटिकेतला तो नवा संकर. बाबांनी तिन्ही हौसेनं लावल्या होत्या. कोणत्या जातीचं पान किती प्रकाश कामाला लावतं आणि त्यासाठी किती पाणी खर्च करतं, हे मी मोजायचं ठरलं. नाव तुमचं, वाडी आमची, पाठ माझी मोडायची!

तुम्ही दोनदा आलात. पांढरे बूट घालून. दुसऱ्यांदा छायाचित्रकार बरोबर होता. माझ्या मोजणीच्या यंत्राला एक चिमटा असतो; पान त्यात धरलं की ते हवेतला किती कार्बन डायऑक्साइड घेतंय आणि किती वाफ सोडतंय हे ते यंत्र सांगतं. तुम्ही चिमटा उलटा धरलात. मी सांगितलं, तर म्हणालात, “फोटोत कुणाला कळतंय?” तोच फोटो परवा फलकावर होता. चिमटा उलटाच!

मी मात्र सकाळी सातपासून उन्हं कलेपर्यंत त्याच त्या पानांना चिमटा लावत बसायची. आई भाकरी घेऊन यायची आणि म्हणायची, “अगं, त्या पानाला किती वेळा इचारशील? एकदा सांगितलं ना त्यानं!”

पण पान एकदा सांगत नाही, सर. सकाळी एक सांगतं, दुपारी दुसरं. तुमचा संकर सकाळी नऊला असा काही कामाला लागायचा की बाकीच्या दोन्ही जाती आळशी वाटाव्यात. आणि कोरडा वारा सुटला की बाराच्या आत त्याची पर्णरंध्रं बंद. पाणी वाचवायला दार लावून बसायचा तो, मग अन्न बनवणंही थांबायचं. फोरास्टेरो सकाळी सावकाश चालायची, पण दुपारभर चालत राहायची, आणि तेही थोड्या पाण्यात. अख्ख्या दिवसाची बेरीज केली तर तीच पुढे. क्रिओलो बिचारी सगळ्यात मागे.

किती आनंदात मी ते कागद घेऊन तुमच्या केबिनमध्ये आले होते! तुम्ही चष्माही लावला नाहीत.

“दुपारचे आकडे काढून टाक,” म्हणालात. “उन्हात यंत्र तापतं.”

“सर, मी छत्री धरून परत मोजलंय. आणि यंत्रच तापत असेल तर फोरास्टेरोच्या पानावर का नाही तापत?”

तुम्ही हसलात. ते हसू मला अजून ओळखता येतं. समोरच्याला काही येत नाही असं दाखवायचं असलं की तुम्ही तसं हसायचात.

“फिलोमिना, तुला डिग्री हवी आहे की भांडण?”

मला डिग्री हवी होती. मी दुपार काढून टाकली, ते कागद तुमच्या टेबलावरच ठेवून आले. प्रबंधात फक्त सकाळ राहिली, आणि सकाळी तुमचा संकर पहिला आला.

तिथवर गोष्ट कागदावरच होती. मग तुम्ही चर्चच्या हॉलमध्ये बागायतदारांची सभा घेतलीत. रविवारची मिस्सा संपली होती, माणसं तिथूनच आली होती. तुम्ही पडद्यावर माझा आलेख दाखवलात, सकाळचा, आणि म्हणालात, “वसईचं भविष्य या पानात आहे.” टाळ्या पडल्या. लाज वाटली का हो तुम्हाला, तेव्हा तरी?

सभेनंतर पास्कूकाकांनी मला दाराशी गाठलं. आमच्या शेजारच्या वाडीतले. मी त्यांच्या खांद्यावर बसून सणाच्या जत्रा पाहिलेल्या. त्यांच्याकडे पानवेलीचा मळा होता. विड्याचं बारीक, तिखट पान. आजोबा-पणजोबांपासून वेलीच्या फांदीतून फांदी लावत जपलेलं. तसं पान आजूबाजूला कुणाकडे नव्हतं.

“पोरी, यंत्र तू लावलंस ना? मग तू सांग. वेल काढून ही झाडं लावू का? आमच्या इहिरीचं पानी मे महिन्यात खारट व्हतं, तुला म्हाइताय.”

मला सगळं माहीत होतं. विहिरीचं, वाऱ्याचं, दुपारचं. तुम्ही चार पावलांवर उभे होतात, कुणाशी तरी बोलत, पण कान आमच्याकडे.

मी म्हटलं, “सर सांगतात तसं करा, काका.”

त्यांनी तसंच केलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्या झाडांच्या पानांच्या कडा जळत गेल्या. काका रोज पाणी घालत होते, आणि त्या खाऱ्या पाण्यानं उलट झाडं लवकर मेली. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही विमानतळावर होतात, कुठल्याशा परिषदेला निघालेले. म्हणालात, “शेतकऱ्याची निगा कमी पडली. लिहून ठेव, पुढच्या पेपरात वापरू.”

निगा! ज्या माणसानं तीन पिढ्यांची वेल जगवली, त्याची निगा कमी पडली! सर, तुमच्या खिडकीतल्या कुंडीतली तुळससुद्धा तुमच्या पत्नी, आमच्या बाई, पाणी घालायच्या म्हणून जगली.

काकांनी नंतर गावोगाव हिंडून वेलीची फांदी शोधली. मिळाली, पण ती दुसरीच. पान मोठं, चव सपक. जुनी वेल गेली ती गेलीच.

इतकी वर्षं मी स्वतःची समजूत काढत होते. सर मूर्ख आहेत, त्यांना दुपार कळलीच नाही. मूर्ख माणसाचा राग किती करणार? वर्गात अकरावीच्या मुलांना प्रकाशसंश्लेषण शिकवताना तुमची आठवण आली की मी मनातल्या मनात नाक मुरडायची आणि पुढे जायची.

काल बाईंनी बोलावलं म्हणून तुमच्याकडे गेले. “त्यांचे कागद मला समजत नाहीत, तू बघ,” म्हणाल्या. कपाटाच्या खालच्या खणात एक फाइल होती. तिच्यात माझे दुपारचे कागद. सगळे, तारखेवार लावलेले. मी तर ते फाडले गेले असं धरून चालले होते.

आणि त्यांवर तुमची लाल पेन्सिल. एके ठिकाणी माझी बेरीज चुकली होती, ती तुम्ही दुरुस्त केली होती. शेवटच्या पानावर तुमच्या हातानं काढलेला पूर्ण दिवसाचा आलेख. तिन्ही जाती, तीन रेषा, संकराची रेषा भर दुपारी कोसळलेली. खाली तुमच्या त्या टपोऱ्या अक्षरात दोनच शब्द होते : ‘बरोबर आहे.’

मी खाली फरशीवर बसले, सर. बाई चहा घेऊन आल्या आणि घाबरल्या. त्यांना वाटलं, तुमच्या आठवणीनं रडू आलं.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं. मूर्खपणा तरी माफ करता आला असता!

आज सकाळी ते कागद घेऊन मी पास्कूकाकांकडे गेले. आता ते ओटीवरच बसून असतात, गुडघे साथ देत नाहीत. मी तीन रेषा बोटानं दाखवल्या, तुमचे दोन शब्द वाचून दाखवले. वाटलं होतं, ते तुम्हाला शिव्या घालतील आणि मला हलकं वाटेल.

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवले. मग म्हणाले, “तो तर गेला. त्याला काय इचारू?” आणि माझ्याकडे पाहून, “पन तुला ठावूक व्हतं ना, पोरी?”

मी ‘हो’ म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं.

त्यांनी मान वळवली. सुनेनं पुढे केलेलं पाणी मी न पिताच उठले. तुमच्याबद्दल मला जी घृणा वाटते ना सर, तिच्यातला माझा वाटा काकांनी आज माझ्या हातात ठेवला. घेतला मी तो. तुम्हाला हे कधी जमलं नसतं.

घरी येऊन मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. दुपारचे सगळे आकडे जोडले, तुमचा आलेख जोडला, आणि ते कुणी काढायला सांगितले आणि कुणी काढले, ही दोन्ही नावं लिहिली. डिग्री राहील की जाईल, नोकरीचं काय होईल, माहीत नाही. ते पत्र पोस्टात टाकून आल्यावर हे लिहायला बसले.

तुमच्या आत्म्याला शांती मिळो असं मी लिहिणार नाही. ते परवा पुष्कळांनी म्हटलंय. मी फक्त एक शब्द देते. यापुढे वाडीतल्या कुणीही मला काही विचारलं, तर मला जे ठाऊक आहे ते मी सांगेन, शेजारी कोणीही उभं असो. आणि पास्कूकाका माझ्याशी बोलोत न बोलोत, दर रविवारी मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसेन.

तुमची विद्यार्थिनी होते, हे नाकारता येत नाही म्हणून,

फिलोमिना