‘दार उघडं आहे’ या गाण्याची व्यवस्था

मी, वैदेही काशीनाथ टोकेकर, वय त्रेचाळीस, धंदा गाणी लिहिणे आणि गिटार घेऊन ती गाणे, राहणार मंगला गौरी देवळामागची गल्ली, वाराणसी, हे माझे मृत्युपत्र राहत्या घरी, दिवसाउजेडी, शुद्धीवर असताना सांगत आहे. मला कोणी धमकावलेले नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. औषधांनी हातापायांची बोटे बधिर झाली आहेत, डोके झालेले नाही. लेखणी बोटांतून निसटते म्हणून शेजारच्या शरदिनीताई पायगुंडे लिहून घेत आहेत. त्या रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा पूर्वीही चांगलेच होते.

मिश्रा वकिलांचा मराठीला विरोध होता. म्हणाले, “मराठी में लिखवाइएगा तो कचहरी में पढ़ेगा कौन?” मी म्हटले, “जिसको पढ़ना है, वो पढ़ लेगा।” ज्याने वाचायचे तो माझा धाकटा भाऊ देवदत्त. रामघाटावरची वडिलांची वेदपाठशाळा आता तो चालवतो.

मृत्युपत्राचे कारण एकच आहे. माझे लग्न झाले नाही, मूल नाही, आईवडील गेले. मी काही न लिहिता गेले तर माझे जे काही आहे ते आपोआप देवदत्तला जाईल. त्यात माझी गाणीही आली, कारण कोणत्याही कंपनीने ती विकत घेतली नाहीत. आणि देवदत्तने मला तोंडावर सांगितले आहे की ‘दार उघडं आहे’ हे गाणे तो इंटरनेटवरून काढून टाकणार. म्हणून त्या गाण्याचे काय करायचे ते मीच ठरवले पाहिजे. बाकीची कलमे आधी उरकते.

१. दोन खोल्यांचे हे घर वडिलांच्या नावावर भाड्याचे आहे. त्यातला माझा जो काही हक्क असेल तो देवदत्तला. बँकेत जे असेल ते त्याची मुलगी ऋता हिला. तिने ते कोणाला विचारून खर्च करू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती एकोणीस वर्षांची आहे आणि या घरात हिशेबाला बसणारी एकटीच आहे.

२. माझी जुनी गिटार ऋतालाच. भिंतीवर टांगून तिच्याखाली माझा फोटो लावू नये. वाजवता आली नाही तर विकावी. तारा बदलायला सांगणार होते, पण मला आता तारा बोटांना लागतच नाहीत, त्यामुळे त्या गंजल्या आहेत की नाहीत हे मी सांगू शकत नाही. ऋताने बघून घ्यावे.

३. मोठा ॲम्प्लिफायर केयूरला. केयूर पुण्याचा. ‘ओली पायरी’ हा आमचा बँड होता त्यात तो ड्रम वाजवायचा, आणि रेकॉर्डिंगचे सगळे निर्णय आपलेच असा त्याचा समज होता. ॲम्प्लिफायर चालू केला की सतत घूं करतो. ही खोड दुरुस्त होत नाही हे आम्ही दोघांनी मिळून सिद्ध केले आहे. त्याने तो घरात ठेवावा आणि माझी आठवण आली की चालू करावा.

माझ्यामागे मोठ्या नावेवर दिवे लावून, अमृतराव घाटासमोर नाव थांबवून माझी गाणी म्हणण्याचा केयूरचा बेत आहे. मला कळले आहे. तो बेत त्याने करू नये. गंगेवर गर्दी पुष्कळ असते.

४. आता माझ्या कामाविषयी. मागून कोणी लिहायला बसले तर चुकीचे लिहू नये म्हणून सांगते.

वडील वेदमूर्ती काशीनाथशास्त्री पहाटेपासून ओसरीवर मुलांना संथा देत. मुलगी म्हणून मला तिथे बसायला मिळत नसे. मी आत पोहे निवडत असे आणि कान बाहेर असत. घनपाठ मी असा पोहे निवडता निवडता शिकले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तीन शब्द घ्यायचे. पहिले दोन म्हणायचे, मग तेच उलट, मग तिन्ही, मग तिन्ही उलट, मग तिन्ही पुन्हा सुलट. अक्षर इकडचे तिकडे होऊ नये, काही गळू नये म्हणून जुन्या लोकांनी लावलेले हे कुलूप आहे. मला त्याचा ठेका आवडायचा. पुढे विद्यापीठात एकीने मला गिटार शिकवली, तेव्हा माझे साधे मराठी शब्द मी याच रीतीने फिरवू लागले. वेदातला शब्द मी एकही घेतला नाही. रीत घेतली.

दिल्लीच्या एका समीक्षकाने लिहिले की माझ्यावर पाश्चात्त्य मिनिमलिझमचा प्रभाव आहे. तो काय असतो ते मी नंतर शोधून ऐकले; थोडेच सूर पुन्हा पुन्हा फिरवतात. चांगला असतो.

५. बाविसाव्या वर्षी मी दिल्लीला निघाले. वडिलांनी एवढेच म्हटले, “दार उघडं आहे.” आपल्यात हे कधी म्हणतात ते मराठी माणसाला सांगायला नको. जायचे तर चालायला लाग, अडवत कोणी नाही. मी चालायला लागले. त्यानंतर मी वर्षातून एकदा घरी येत असे, जेवत असे, पाया पडत असे. ते आशीर्वाद देत आणि वर्तमानपत्र उघडत. माझ्या गाण्याविषयी चांगला किंवा वाईट असा एक शब्दही कधी निघाला नाही.

दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळूर, शिलाँग इथे मी गायले. लोक जेवत असताना गायले. एकदा आमच्यानंतर गाणाऱ्याची गाडी चुकली म्हणून तीच गाणी दोनदा गायले आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही. एका कंपनीने हे गाणे ‘दरवाज़ा खुला है’ असे करून मागितले. मी म्हटले, हिंदीत त्याचा अर्थ फक्त दरवाजा खुला आहे असा होतो. त्यांनी पुन्हा फोन केला नाही. मग बऱ्याच वर्षांनी ते गाणे आपोआप चालले. कोणीतरी आपल्या छोट्या व्हिडिओला लावले, मग सगळ्यांनी लावले. परदेशातून घरी आलेली मुले, नवीन फ्लॅट, आणि पुष्कळशी मांजरे. मला लोक ओळखू लागले तेव्हा माझे उपचार सुरू झाले होते. या सगळ्याचे मला वाईट वाटत नाही. बरेही वाटत नाही. मला आता फारसे काही वाटतच नाही, आणि वाटत असल्याचे खोटे या कागदावर लिहवून घेणार नाही.

६. गाण्यात तीन कडवी आहेत आणि प्रत्येकाची शेवटची ओळ घनात फिरते. पहिली दोन नीट आहेत. तिसऱ्या कडव्याची ओळ ‘दार उघडं आहे’. रेकॉर्डिंगच्या वेळी केयूर म्हणाला, “एक तुकडा जास्त होतोय. ठेक्यात बसत नाहीये.” त्याने चौथा तुकडा, तिन्ही शब्द उलटे येतात तो, कापला. ऐकायला छान झाले. जगभर तेच गेले. जगात कोणाला कळले नाही.

७. चार वर्षांपूर्वीच्या थंडीत वडील शेवटचे अंथरुणाला खिळले. मी येऊन राहिले होते. देवदत्त त्यांना चमच्याने मुगाचे पाणी पाजत होता, मी पायाशी बसले होते. भिंतीकडे बघत ते म्हणाले, “तिसऱ्यात एक तुकडा गळलाय.”

देवदत्तला वाटले, पाठशाळेतल्या कोणाविषयी बोलताहेत. त्याने विचारले, “बाबा, कोणाचं म्हणताय?”

“हिचं,” ते म्हणाले.

आमच्या पाठशाळेत एक नियम आहे. चूक पकडणाऱ्याने नुसते ‘चूक’ म्हणायचे नाही. त्याने ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः बरोबर म्हणून दाखवायची, आणि मग चुकणाऱ्याने ती त्याच्यामागून एकदा म्हणायची. तेव्हा चूक मिटते. वडिलांनी नियम पाळला. छातीत कफ होता, तरी संथा देताना लावत त्याच आवाजात त्यांनी माझे शब्द म्हटले:

दार उघडं. उघडं दार. दार उघडं आहे. आहे उघडं दार. दार उघडं आहे.

मग ते थांबले. आता मी मागून म्हणायचे होते. माझे तोंड उघडले नाही. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली आणि डोळे मिटले. पुढे ते बोलले ते फक्त पाण्यासाठी. त्यांना नेले तेव्हा मला रडू आले नाही. अजूनही आलेले नाही. त्या वेळी ते दार जाण्यासाठी उघडे होते की येण्यासाठी, हे मी त्यांना विचारले नाही.

ऋताने मागाहून सांगितले की दुपारी आजोबांच्या पायांना तेल लावताना ती मोबाइलवर माझे गाणे लावायची. ते रोज म्हणायचे, “हे काय लावलंस?” बंद कर असे कधी म्हणाले नाहीत.

८. गेल्या महिन्यात देवदत्त माझ्या खाटेशी येऊन बसला. म्हणाला, “ताई, ते गाणं काढून टाक ना. पाठशाळेतली मुलं मोबाइलवर लावतात, त्यांचे आईबाप मला शिकायत करतात. दारूच्या अड्ड्यांवर आपला घन वाजतो हे बरं दिसतं का? आणि वरून चुकीचा.”

मी म्हटले, “चुकीचा आहे हे तुला खटकतं की वाजतो हे?”

“दोन्ही,” तो म्हणाला. देवदत्त खोटे बोलत नाही. त्याच्याशी भांडताना ही फार अडचण होते.

केयूरनेही गाणे मागितले आहे. त्याला दिले तर गाणे राहील, पण कापलेलेच राहील. वडिलांनी म्हटलेली पुरी ओळ त्या खोलीत दोघांनीच ऐकली. मी गेल्यावर एकटा देवदत्त उरतो.

९. म्हणून ‘दार उघडं आहे’ हे गाणे, त्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या सगळ्यांचे हक्क मी माझा भाऊ देवदत्त काशीनाथ टोकेकर याला देते. ठेवायचे की काढून टाकायचे ते त्याचे त्याने ठरवावे. अट एक. त्याने चूक पकडली आहे, तेव्हा पाठशाळेचा नियम त्यालाही आहे. मला या घरातून नेतील तेव्हा दार उघडे असणारच. उंबऱ्यापाशी त्याने ती ओळ एकदा, पाचही तुकड्यांसह, मोठ्याने म्हणावी. मागून म्हणायला मी नसेन. तेवढी उणीव त्याने चालवून घ्यावी. ओळ म्हणण्याआधी त्याने गाण्याला हात लावू नये. म्हटल्यानंतर मला काही विचारायचे नाही.

१०. बाकी विधी देवदत्त सांगेल तसे. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने त्या दिवशी माझे गाणे लावू नये. तो प्रेमाने लावेल, पण त्याचा स्पीकर फाटलेला आहे.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले. ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सही जमत नाही म्हणून अंगठा करते. शाई लागल्याचे कळत नाही, पण ठसा दिसतो आहे.

ठिकाण: मंगला गौरी, वाराणसी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
वैदेही काशीनाथ टोकेकर (अंगठा)

साक्षीदार पहिला: मी, डॉ. नीलकंठ सप्रे, वैदेही यांना लहानपणापासून ओळखतो. आज त्यांना तपासले. त्या शुद्धीवर असून त्यांना सर्व नीट समजते. त्यांनी आमच्या दोघांच्या समोर अंगठा केला.
(सही)

साक्षीदार दुसरी: मी, शरदिनी पायगुंडे, हा मजकूर लिहिला आणि अंगठा होण्यापूर्वी वैदेहीला मोठ्याने वाचून दाखवला. तेव्हा घडलेली एक गोष्ट तिच्या परवानगीने नोंदवते. सातव्या कलमातली ओळ वाचताना तेच ते शब्द पाहून मला वाटले, लिहिताना माझ्याकडून दोनदा आले, म्हणून ‘आहे उघडं दार’ एवढे मी गाळले. देवदत्त काढ्याचा पेला घेऊन जिना चढत होते. हा कागद कसला ते त्यांना ठाऊक नव्हते. ते अर्ध्या जिन्यात थांबले आणि त्यांनी तिथूनच ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. मग वर येऊन दारात उभे राहिले आणि माझ्याकडे बघत वाट पाहू लागले. मी गोंधळले. वैदेहीला विचारले, “नववं कलम बदलायचं का?” ती म्हणाली, “राहू द्या.” देवदत्त अजून दारातच उभे होते. चूक माझी होती, पण त्यांच्यामागून ओळ म्हटली ती वैदेहीने.
(सही)